‘यात तुमचा देश कुठे दिसतो?’

प्रश्न थोडक्यात असा: “मी मूळची कोल्हापूरची, आठ वर्षं रॉटरडॅमला आहे. चित्रकला इथेच शिकले. माझी चित्रं अमूर्ताकडे झुकणारी आहेत. गेल्या वर्षी एका गॅलरीत काम दाखवलं तेव्हा तिथली बाई म्हणाली, ‘छान आहे, पण यात तुमचा देश कुठे दिसतो?’ घरी येऊन मी तीन महिने वारली काढली. ती पटापट विकली गेली आणि मला चोरी केल्यासारखं वाटलं. माझी संस्कृती नेमकी कुठली? ती इथे बसून वापरणं खरं की दिखाऊ? आजी वाकळ शिवायची, बाकी आमच्या घरात कलेचं काही नव्हतं.”

वयाने बराच मोठा आहे, म्हणून सरळ अगं-तूगं करतो.

तुझ्या पत्रातलं कामाचं वाक्य तू अगदी शेवटी, जाता जाता लिहिलंयस. वाकळीचं. त्याकडे येतो. पण आधी वारलीचं मिटवू, कारण ते तुला टोचतंय आणि ते बरोबरच टोचतंय.

वारली चित्र मुळात लग्नाचा चौक, म्हणजे लग्नघराच्या भिंतीवर काढायचं चौकोनी चित्र. कुडाची भिंत, त्यावर शेण-गेरूचा हात, तांदळाच्या पिठाचं पाणी, टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी आणि मधोमध पालघाट देवी. हे काम बायकांचं, लग्नापुरतं. सत्तरच्या दशकात ते कागदावर आलं आणि जिव्या सोमा म्हसे यांनी ते जगभर नेलं. २००३ साली जर्मनीत ड्युसेलडॉर्फच्या संग्रहालयात त्यांची चित्रं रिचर्ड लाँग या ब्रिटिश कलावंताच्या कामाशेजारी लागली होती. तुझ्यापासून दोन-तीन तासांच्या अंतरावर! म्हणजे युरोपने वारली बघितलीय, आणि खऱ्या हाताची बघितलीय. आता कोल्हापूरची पोर आणि डहाणूचा पाडा यांच्यात एक राज्य सोडलं तर सामाईक काय? तुला वारली भेटली ती कुर्त्यावर, चहाच्या कपावर, विमानतळाच्या भिंतीवर. एखाद्या डच माणसाला भेटते तशीच. घेताना तुझ्या हाताला परकं वाटलं, ते हाताने खरं सांगितलं एवढंच.

मी तीस वर्षं परदेशात चित्रं काढतोय, त्यातली वीसेक शिकवतोयही. आपल्याकडून आलेली पोरं भेटतात तेव्हा त्यांना एकच विचारतो: ही गोष्ट तुझ्या हाताला होती का? नसेल, तर तू ती शिकलास का, म्हणजे रीतसर, वर्षं घालून? दोन्ही नसेल तर ती उसनी आहे. उसनं आणायला हरकत नाही, पण उसन्यावर घर चालत नाही.

माझंच सांगतो. आमचे अण्णा कराडला पेंटर होते. पेंटर म्हणजे बोर्ड रंगवणारे. किराणा दुकान, दवाखाना, ‘हॉर्न ओके’, निवडणुकीच्या भिंती, सगळं. मी आठवीपासून त्यांच्या हाताखाली. आधी सुतळीला खडूची पूड लावायची, दोन टोकं दोघांनी ताणून धरायची आणि मधोमध उचलून सोडायची. टण्ण! पत्र्यावर सरळ पांढरी रेघ. त्या रेघेला अक्षरं टांगायची. डाव्या हातात काठी, तिच्यावर उजवं मनगट टेकवलेलं. सगळी अक्षरं झाली की शेवटी अण्णा चपटा ब्रश भरून घेत आणि श्वास रोखून एका ओढीत शिरोरेखा मारत. मध्ये थांबले तर रंगाचा गठ्ठा दिसतो. ती रेघ मारताना आम्ही कुणी बोलत नसू.

मग मी मुंबईला जे. जे. कलाशाळेत गेलो आणि हे सगळं विसरलो. विसरलो कसला, लपवलं. सुलेखनकार र. कृ. जोशींचं अक्षरांवरचं काम तिथे बघितलं, पार भारावून गेलो, पण त्याचा अण्णांच्या बोर्डाशी काही संबंध असेल असं डोक्यातही आलं नाही. आम्ही तेव्हा तैलरंगवाले. १९९६ साली बायकोच्या नोकरीमागे इंग्लंडमध्ये लेस्टरला आलो. पहिली दोन वर्षं इथली झाडं काढली. ती कुणी घेतली नाहीत. मग गणपती काढले. ते विकले गेले आणि मला तुझ्यासारखंच झालं.

पैसे लागत होते म्हणून बेलग्रेव्ह रोडवर दुकानांचे बोर्ड रंगवायला लागलो. हा रस्ता गुजरात्यांचा, त्यातले कितीतरी १९७२ साली इदी अमीनने युगांडातून हाकललेले. एका मिठाईवाल्याचा बोर्ड होता. मी सवयीने सूत मारलं, गुजराती अक्षरं काढली आणि वरून रेघ ओढायला ब्रश भरून घेतला. आतून मालक ओरडत आला, “अरे भाई, ऊपर का लाईन नहीं!” बरोबर होतं त्याचं. गुजराती लिपीला शिरोरेखा नसते. भरलेला ब्रश तसाच धरून मी शिडीवर उभा राहिलो, रंग कोपरापर्यंत ओघळला.

ती रेघ किती मोठी गोष्ट आहे हे मला तोवर कळलंच नव्हतं, कारण ती कायम तिथे होती. रोमन अक्षर जमिनीवर उभं असतं. खाली रेघ आखायची आणि त्यावर अक्षरं बसवायची, शाळेतल्या बाकावर पोरं बसावीत तशी. देवनागरी अक्षर टांगलेलं असतं. वजन वरून खाली येतं, वेलांट्या-उकार लोंबतात. माझ्या सगळ्या फसलेल्या झाडांचं दुखणं त्या दिवशी कळलं. माझा हात वरून खाली रचना करत होता आणि डोकं इंग्रजी निसर्गचित्रासारखं खालून वर, आधी जमीन, मग झाड, मग आभाळ. दोघांचं जमत नव्हतं. त्यानंतर मी चित्राच्या वरच्या अंगाला एक आडवी ओढ घेऊन काम सुरू करायला लागलो आणि बाकीचं तिला टांगायला लागलो. त्या चित्रांत एकही अक्षर नाही. ‘भारतीय’ म्हणून कुणी ती ओळखत नाही. पण कराडहून एक जुना पेंटर मुलाकडे आला होता, तो चित्रासमोर उभा राहून म्हणाला, “सूत चांगलं मारलंय.” माझ्यावर आजवर छापून आलेल्या कुठल्याही परीक्षणापेक्षा मला ते वाक्य जवळचं आहे.

हे कराडला राहून कळलं असतं का? नाही वाटत. तिथे शिरोरेखा नसलेला बोर्ड मला रंगवायला कोण देणार होतं?

आता चित्रकार रझांची गोष्ट, कारण ती सगळे सांगतात आणि बहुतेक जण अर्धी सांगतात. सांगायची पद्धत अशी: पोरगा पॅरिसला गेला, मोठा झाला, एक दिवस भारताची आठवण आली आणि बिंदू, म्हणजे त्यांच्या चित्रांतला तो प्रसिद्ध गोल ठिपका, सापडला. हे इतकं सोपं असतं तर आपण सगळेच रझा झालो असतो.

सय्यद हैदर रझा १९२२ साली मध्य प्रदेशात जन्मले. वडील जंगल खात्यात, शाळा ककैया गावातली. तिथल्या नंदलाल झरिया गुरुजींनी या चंचल पोराला जागेवर बसवायला भिंतीवर एक ठिपका काढला आणि त्याच्याकडे बघत बस म्हणून सांगितलं. पुढे नागपूरची कलाशाळा, मग मुंबईत जे. जे., १९४७ साली सूझा, आरा, गाडे, बाकरे, हुसेन यांच्याबरोबर प्रोग्रेसिव्ह ग्रुप हा नव्या चित्रकारांचा गट. १९४८ साली काश्मीरमध्ये त्यांना छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ भेटले. त्यांनी चित्रं बघितली आणि प्रतिभा आहे, पण बांधणी नाही, सेझान हा फ्रेंच चित्रकार अभ्यासा, असं तोंडावर सांगितलं. १९५० साली रझा फ्रेंच सरकारच्या शिष्यवृत्तीवर पॅरिसला गेले आणि खरोखर बांधणी शिकले. १९५६ साली तिथल्या समीक्षकांचा मानाचा पुरस्कार मिळाला. सांगणारे इथून थेट बिंदूवर उडी मारतात.

पण बिंदू आला १९८० च्या सुमाराला. मधली चोवीस वर्षं कुठे गेली? त्या वर्षांत ते फ्रान्सची खेडी आणि चर्चं रंगवत होते. १९६२ साली अमेरिकेत बर्कलेला शिकवायला गेले, तिथली चित्रकला, विशेषतः रॉथकोची चित्रं, बघून त्यांचा रंग सैल झाला. सत्तरच्या दशकात पुन्हा पुन्हा भारतात येऊन अजिंठा-वेरूळ, बनारस, राजस्थान, गुजरात बघितलं. यशस्वी, पन्नाशीचा चित्रकार विद्यार्थ्यासारखा हिंडत होता. बिंदूतला ठिपका झरिया गुरुजींचा, म्हणजे अंगात मुरलेला. पुरुष-प्रकृती, पंचतत्त्वं ही मात्र त्यांनी शिकून घेतली. एका मुसलमान घरातल्या, पॅरिसमध्ये राहणाऱ्या माणसाने ती वर्षं घालून आत्मसात केली आणि कुणी त्यांना उसनी म्हटलं नाही. आणि त्या ठिपक्याभोवतीचे त्रिकोण, चौकोन, पट्टे ज्या घट्टपणे बांधलेत, ती बांधणी सेझानच्या देशातली. हे तिन्ही एकत्र आल्याशिवाय ते चित्र उभं राहत नाही. १९८१ च्या ‘माँ’ या चित्रात त्यांनी हिंदी कवी अशोक वाजपेयींच्या कवितेची एक ओळ देवनागरीत लिहिली. पॅरिसमध्ये ती वाचणारे किती जण असतील? तरी लिहिली, आणि बाजूला फ्रेंच भाषांतर चिकटवलं नाही.

(माझं खासगी मत: शेवटच्या वर्षांतले पुष्कळ बिंदू हे बिंदूचे शिक्के आहेत. बाजार एकदा ओळखीची खूण मागायला लागला की रझांसारख्याचीही सुटका नसते. म्हणून तुझी वारली ‘पटापट विकली गेली’ हे वाचून मला काळजीच वाटली.)

साठ वर्षं फ्रान्समध्ये काढून रझा दिल्लीला परतले, २०१६ मध्ये गेले आणि मंडल्यात वडिलांच्या कबरीशेजारी त्यांना दफन केलं.

सगळ्यांनी असंच करायला हवं असंही नाही. त्याच ग्रुपातले साळगावचे सूझा १९४९ साली लंडनला आणि नंतर न्यूयॉर्कला गेले. लहानपणीचं गोव्यातलं चर्च त्यांनी जन्मभर सोडलं नाही, पण आठवणीने डोळे ओले करून नव्हे. ते त्याच्याशी भांडत राहिले. त्यांचा क्रूसावरचा ख्रिस्त बघ, काळ्या रेघांनी खिळे ठोकावेत तसा काढलेला आहे. तुझ्या कोल्हापूरच्या घरातल्या एखाद्या गोष्टीची तुला चीड असेल, तर तीही तुझ्या वारशातच मोडते, हे लक्षात असू दे. वाड्यातल्या ज्या खोलीत बायकांना बसायला मनाई होती ती खोली एका विद्यार्थिनीने इथे चार वर्षं रंगवली. देव एकही नाही, तुळशी वृंदावन नाही. उंबरा आहे.

आणि अकोल्याचे चित्रकार अंबादास. साठच्या दशकातल्या ‘ग्रुप १८९०’ नावाच्या चित्रकारांच्या गटातले, १९७२ नंतर नॉर्वेत ऑस्लोला राहिले, २०१२ मध्ये तिथेच गेले. त्यांच्या चित्रांत विदर्भाची एक खूण शोधून दाखव. नाही सापडणार. रंग वाहतो, आक्रसतो, एकमेकांत शिरतो, बस. अंबादासांना ‘यात देश कुठे’ असं विचारणाऱ्याची मला कीवच येते.

आता आपल्या हाताला नसलेली गोष्ट हवीच असेल तर काय करायचं? चित्रकार झरीना हाश्मींनी केलं ते. अलीगढच्या, नंतर न्यूयॉर्कला स्थायिक झालेल्या. घर या विषयावर त्यांनी १९९९ साली ३६ लाकडी ठशांची मालिका केली, प्रत्येकात एक उर्दू शब्द. उंबरा, दार, अंगण असे. उर्दू त्यांची घरची भाषा, पण ते शब्द त्यांनी स्वतः लिहायचा आव आणला नाही, कातिबाकडून, म्हणजे उर्दू सुलेखन करणाऱ्याकडून, लिहून घेतले. ठसा मात्र त्यांचा, आणि त्यातली काटेकोर भूमिती गणित शिकलेल्या बाईची. ज्याच्या हाताला आहे त्याच्याकडे जायचं, पैसे द्यायचे, सोबत नाव लावायचं.

सामानाबद्दल दोन शब्द, कारण यात मी पैशाने मार खाल्लाय. परदेशात गेलं की आपल्याला हळद-कुंकू चित्रात घालायचा झटका येतो. मलाही आला होता. हळदीच्या पिवळ्यात एक मोठं चित्र केलं, विकलं गेलं. दोन वर्षांनी घेणाऱ्या बाईंचा फोन, “रंग गेलाय.” जाऊन बघतो तर खिडकीसमोर टांगलेलं, पिवळ्याच्या जागी चहा सांडून वाळल्यासारखा डाग. पैसे परत केले. हळद उजेडात टिकत नाही, हे आपल्या आयांना साड्यांवरच्या डागांवरून माहीत असतं. उन्हात टाकल्या की डाग जातो. मला कळायला चित्र घालवावं लागलं. हळदीपासून केलेल्या कुंकवाचंही तेच, आणि बाजारातल्या बाकीच्या कुंकवात काय असतं देव जाणे. गेरूचं मात्र उलटं. ती लोखंडाची माती, शतकानुशतकं हलत नाही. आणि त्यासाठी कोल्हापूरहून पुडी मागवू नकोस, तुझ्या कोपऱ्यावरच्या रंगाच्या दुकानात तांबडी ओकर मिळते तोच तो गेरू. पुडी मागवल्याने चित्र कोल्हापुरी होत नाही.

गॅलरीच्या त्या बाईला काय उत्तर द्यायचं? उत्तर द्यायलाच हवं असं नाही. मी हल्ली हसून विचारतो, “हा प्रश्न तुम्ही इथल्या चित्रकारांना विचारता का?” तुझ्याकडे तर हुकमाचं पान आहे. अमूर्त चित्रकार मोंद्रियान त्यांच्याच देशातल्या अमर्सफोर्टचा, आणि त्याचं मोठं काम पॅरिस आणि न्यूयॉर्कला झालं. तोही बाहेरगावी राहणारा चित्रकारच. त्याच्या आडव्या-उभ्या पट्ट्यांत हॉलंड कुठे आहे, असं विचार. गडबडून जाईल, किंवा शेताच्या बांधांबद्दल आणि कालव्यांबद्दल बोलायला लागेल. बोलायला लागली तर बाई चांगली आहे, तिच्याशी काम कर.

चित्रांसोबत तुझं निवेदन मागतीलच. त्यात ‘माझी मुळं’, ‘दोन संस्कृतींमधला पूल’ असलं काही लिहू नकोस. ते आम्ही निवड समितीवर बसणारे दिवसाला चाळीस वेळा वाचतो. कापड कुठलं, थर किती, सुरुवात कुठून केली, कुठे थांबलीस, एवढंच लिही. चित्राला मराठी नाव द्यायचं असेल तर दे आणि कंसात अर्थ सांगत बसू नकोस. विचारतील तेव्हा सांग.

आणि आता वाकळ. ‘बाकी आमच्या घरात कलेचं काही नव्हतं’ असं लिहिलंयस. बरं. मग एवढं सांग. आजी पहिला टाका कुठल्या कोपऱ्यात घालायची? कडेकडेने फिरत आत यायची की एका बाजूने उभ्या ओळी घेत जायची? मध्ये भर कशाची, फाटकी धोतरं की जुनी लुगडी? लुगड्याचा काठ आत दडवायची की बाहेर ठेवायची? मांडीवर घेऊन शिवायची की जमिनीवर पसरून, आणि पसरलेली असेल तर चारी कोपऱ्यांवर वजन म्हणून काय ठेवायची? संपताना दोरा तोडायची की चावायची? आणि नजर कमी झाल्यावर तिला सुई कोण ओवून द्यायचं?

शेवटच्या प्रश्नाला तुझा अंगठा आणि तर्जनी हलली असेल, तर तुला सांगायला नको की तुझ्या हाताला काय आहे.

पण सावध. यानंतरची चूक बहुतेक जण करतात: वाकळ कॅनव्हासवर चिकटवतात, नाहीतर धावदोरा रंगाने काढतात. मग ती पुन्हा वारलीच झाली, फक्त कोल्हापूरची. तू आधी शीव. रॉटरडॅमच्या जुन्या बाजारातून चार सुती चादरी आण, धुऊन वापरलेल्या, मऊ पडलेल्या, आणि एक वाकळ पूर्ण कर. ती दाखवायची नाही, विकायची नाही, पांघरायची. तीनेक महिने जातील. बोटं फुटतील. शिवताना लक्ष ठेव: चुकलेला टाका तू उसवतेस की पुढे जातेस? थर सरकले की काय करतेस? नवं कापड जुन्याला ओढतं तेव्हा? तुझ्या अमूर्त चित्रांत तू आधीपासूनच यातलं काहीतरी करत असशील, असा माझा अंदाज आहे. चित्रं न बघता बोलतोय, पण बहुतेक वेळा तसं निघतं. मी झाडं काढत होतो तेव्हाही वरूनच टांगत होतो.

घरी एखादी वाकळ शिल्लक असेल तर आईला फोटो पाठवायला सांग. समोरच्या बाजूचा नको, तो सगळेच काढतात. उलटी करून, उन्हात पसरून, मागच्या टाक्यांचा.